सुट्टीत तास मोजण्याआधी दिवस आखावा

उन्हाळ्याची सुट्टी लागली की पालकांच्या बोलण्यात एक प्रश्न हमखास येतो : मुलांना दिवसातून किती वेळ मोबाइल द्यावा? हा प्रश्न काळजीतून येतो, म्हणून तो हसण्यावारी नेऊ नये. तरीही माझे स्पष्ट मत आहे की सुट्टीच्या दिवसांत तो दुसऱ्या क्रमांकाचा प्रश्न आहे. पहिला प्रश्न असा, की शाळा बंद होताच मुलाचा आखलेला दिवसच नाहीसा होतो, तर त्याच्या जागी आपण काय ठेवणार आहोत? याचे उत्तर न शोधता नुसते तास ठरवले, तर ते चार दिवसही टिकत नाहीत आणि घरात रोजची ओढाताण सुरू होते.

एरवी मुलाच्या दिवसाला आकार देण्याचे काम मुख्यतः शाळा करत असते. उठण्याची वेळ ती ठरवते, त्यामुळे झोपण्याची वेळही आपोआप ठरते. खाण्याच्या वेळा, धावण्या-खेळण्याची वेळ, सवंगड्यांची सोबत, एका जागी बसून काही करण्याची वेळ, हे सगळे तिच्या घंटेवर चालते आणि स्क्रीनला उरलासुरला वेळ मिळतो. सुट्टीत हे उलटते. संपूर्ण दिवस मोकळा असतो, स्क्रीन सकाळपासून हाताशी असते आणि बाकीच्या गोष्टींना तिच्यातून उरलेल्या वेळात जागा शोधावी लागते. अमेरिकेतील काही आरोग्य-संशोधकांनी २०१७ मध्ये हीच गोष्ट गृहीतकाच्या रूपात मांडली. बाहेरून आखणी असलेल्या दिवसांत मुलांची झोप, हालचाल, खाणे आणि स्क्रीनचा वेळ आटोक्यात राहतो आणि आखणी सुटली की या चारही गोष्टी एकदम घसरतात, असे त्यांचे म्हणणे आहे. त्याआधी २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिथल्याच एका अभ्यासात, बालवाडी आणि पहिलीतल्या मुलांचे उंचीच्या मानाने असलेले वजन शाळेच्या महिन्यांपेक्षा उन्हाळ्याच्या सुट्टीत अधिक वेगाने वाढते, असे आढळले होते. सुट्टी ही शरीराला मोकळीक देणारी गोष्ट आहे असे आपण धरून चालतो. आखणी नसेल तर तिचा परिणाम याच्या उलट होऊ शकतो.

तासांचे आकडे निरर्थक आहेत असे मी म्हणत नाही. लहान मुलांच्या बाबतीत ते पाळलेच पाहिजेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार एक वर्षाच्या आतील बाळांना स्क्रीन अजिबात दाखवू नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी बसून पाहण्याचा वेळ दिवसाला एक तासापेक्षा जास्त असू नये. त्याहून कमी असेल तर अधिक चांगले. सहा वर्षांपुढील मुलांसाठी मात्र चित्र वेगळे आहे. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संस्थेने दिवसाला दोन तास ही आपली जुनी मर्यादा २०१६ मध्ये सोडून दिली आणि त्याऐवजी प्रत्येक कुटुंबाने स्वतःची मर्यादा ठरवून ती सातत्याने पाळावी; झोप, व्यायाम आणि इतर आवश्यक गोष्टींच्या आड स्क्रीन येणार नाही हे पाहावे, असे सांगितले. मला हा बदल शहाणपणाचा वाटतो. दहा वर्षांच्या मुलाने दिवसभर मैदानात खेळून, रात्री पुरेशी झोप घेऊन दोन तास काही पाहिले, तर त्यात घाबरण्यासारखे काही नाही. त्याच मुलाने तेच दोन तास रात्री अकरानंतर अंथरुणात पाहिले, तर ते नुकसानच आहे.

म्हणून सुट्टीच्या दिवसात दोन गोष्टींच्या जागा आधी पक्क्या कराव्यात, असे माझे सांगणे आहे. त्यातली पहिली झोप. संध्याकाळनंतरचा प्रखर प्रकाश झोप आणणाऱ्या मेलॅटोनिन या संप्रेरकाला दाबून टाकतो आणि मुलांमध्ये हा परिणाम मोठ्यांपेक्षा अधिक होतो. त्यात भर म्हणजे समोर जे चालू असते ते मन जागे ठेवणारे असते. झोपण्याआधी तासभर सगळ्या स्क्रीन बंद आणि रात्री मोबाइल-टॅब झोपण्याच्या खोलीबाहेर, हा नियम सुट्टीतही ढिला होऊ देऊ नये, कारण झोप बिघडली की सकाळ उशिरा उजाडते, खेळण्याची चांगली वेळ निघून जाते आणि मग कंटाळलेले, सुस्तावलेले मूल पुन्हा स्क्रीनकडेच वळते.

दुसरी गोष्ट म्हणजे घराबाहेरचा वेळ. याविषयी पालक सहसा व्यायामाच्या अंगाने बोलतात आणि ते बरोबरच आहे. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी दिवसाला सरासरी किमान ६० मिनिटे मध्यम ते जोरदार हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पण डोळ्यांच्या दृष्टीने बाहेरच्या उजेडाचे महत्त्व अजून पुरेसे सांगितले जात नाही. चीनमधील ग्वांगझू शहरात सहा-सात वर्षांच्या मुलांवर तीन वर्षे एक प्रयोग झाला. काही शाळांनी रोज ४० मिनिटांचा एक तास मैदानात घेतला, तर काहींनी नेहमीचे वेळापत्रक चालू ठेवले. २०१५ मध्ये निकाल प्रसिद्ध झाले तेव्हा, बाहेर जाणाऱ्या गटातील सुमारे ३० टक्के मुलांना तीन वर्षांत मायोपिया, म्हणजे लांबचे अंधुक दिसण्याचा दोष, झालेला होता आणि दुसऱ्या गटात हे प्रमाण सुमारे ४० टक्के होते. रोजच्या ४० मिनिटांत एवढा फरक पडत असेल, तर सुट्टीतले सकाळ-संध्याकाळचे तास घरात घालवणे परवडणारे नाही. भर उन्हात कुणालाही पाठवू नये हे उघड आहे. ऊन चढण्याआधी आणि उतरल्यावर बाहेर, आणि स्क्रीनसाठी मधल्या दुपारची एक ठरलेली वेळ, ही विभागणी मला सर्वांत नैसर्गिक वाटते.

आता ज्या क्षणी घराघरांत आवाज चढतात, त्या क्षणाकडे येतो : स्क्रीन बंद करण्याची वेळ. मूल ऐकत नाही, हट्ट करते, आदळआपट करते, म्हणून आपण त्याला दोष देतो. पण ते जे पाहत असते त्याला शेवटच नसतो, याचा विचार आपण करत नाही. पूर्वी टीव्हीवरचा कार्यक्रम संपायचा आणि दुसरा आवडीचा असेलच असे नव्हते. आता एक व्हिडिओ संपण्याआधीच पुढचा तयार असतो, बोटाने वर सरकवत राहिले तर तळ लागत नाही आणि पुढचे कदाचित अधिक मजेचे असेल ही आशा सुटत नाही. हे मुद्दाम तसे घडवलेले आहे आणि त्यापुढे मोठ्या माणसांचाही निग्रह टिकत नाही. मग सात वर्षांच्या मुलाकडून तो कसा अपेक्षावा?

वॉशिंग्टन विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ मध्ये लहान मुलांच्या पालकांकडून या क्षणाच्या नोंदी घेतल्या होत्या. ‘आता दोनच मिनिटे’ अशी आगाऊ सूचना दिल्यावर मुलांचा विरोध कमी होण्याऐवजी वाढलेला त्यांना दिसला. याउलट भाग आपोआप संपला, किंवा स्क्रीननंतर काय करायचे हे रोजच्या सवयीने ठरलेले असले, तर मुले तुलनेने शांतपणे उठत होती. मला यातून निघणारी रीत फार उपयोगाची वाटते. मिनिटांऐवजी एकक ठरवावे : एका मालिकेचे दोन भाग, एक पूर्ण चित्रपट, गेमचा एक सामना. पुढचा व्हिडिओ आपोआप सुरू करणारे ऑटोप्ले सेटिंगमध्ये जाऊन बंद करावे. मुलाला काय पाहायचे आहे ते सुरू करण्याआधी विचारावे, मध्यावर हातातून हिसकावून घेऊ नये, आणि संपल्यावर पुढे काय आहे ते आधीच ठाऊक असावे. गेम खेळणाऱ्या मुलाला सामना अर्धवट सोडायला लावले तर त्याच्या बरोबरच्या खेळाडूंचेही नुकसान होते, त्यामुळे त्याचा राग अगदीच निराधार नसतो, हेही समजून घ्यावे.

या दृष्टीने पाहिले तर सगळ्या स्क्रीन सारख्या नाहीत. दूर राहणाऱ्या आजी-आजोबांशी व्हिडिओ कॉलवर बोलणे, चित्र काढण्याचे ॲप, एखादा छोटा प्रोग्राम लिहून पाहणे किंवा सगळ्यांनी मिळून पाहिलेला चित्रपट यांना मी रीलच्या रांगेत बसवणार नाही. लहान मुलांच्या हाती छोट्या व्हिडिओंचा न संपणारा प्रवाह देऊच नये, असे माझे ठाम मत आहे. त्यात गोष्ट नाही, शेवट नाही आणि पुढे काय येईल यावर घरातल्या कुणाचाही ताबा नाही.

स्क्रीन कमी केली की ‘कंटाळा आला’ ही तक्रार सुरू होते आणि इथेच बहुतेक घरांची माघार होते. काही पालक मोबाइल परत देतात, तर काही जण सुट्टीचा प्रत्येक तास कुठल्या ना कुठल्या शिबिराने भरून टाकतात. मला दोन्ही उपाय एकाच भीतीतून आलेले वाटतात. कंटाळा हा मुलाच्या प्रकृतीचा बिघाड नाही. सतत करमणुकीची सवय लागलेल्या मुलाला सुरुवातीचे काही दिवस रिकामा वेळ खरोखर असह्य होतो, ते चिडते, मागे-मागे फिरते. पण मोठे माणूस शांत राहिले आणि आसपास कागद, रंग, चिकटपट्टी, जुनी खोकी, पुस्तके, चेंडू अशा वस्तू असल्या, तर ते हळूहळू काहीतरी सुरू करतेच. तिथे सूचना देत बसू नये. एखादे शिबिर जरूर असावे, मुलाला आवडत असेल तर नक्कीच. मात्र दिवसातला एक मोठा तुकडा कुणीही न भरलेला राहिला पाहिजे. घरातली खरी कामेही मुलांना द्यावीत. पाच वर्षांचे मूल कपड्यांच्या घड्या घालते, दहा वर्षांचे मूल एक साधा पदार्थ पूर्ण करू शकते, आणि त्यातून मिळणारा अभिमान कुठल्याही गेमच्या पातळीपेक्षा अधिक काळ टिकतो.

स्क्रीनचा वापर बक्षीस किंवा शिक्षा म्हणून करू नये, एवढेच इथे सांगतो. ‘जेवलास तर मोबाइल’ असे म्हटले की मोबाइलची किंमत वाढते आणि जेवणाची कमी होते.

आपल्या स्वतःच्या फोनबद्दल बोलल्याशिवाय हा विषय प्रामाणिकपणे पुरा होत नाही. अमेरिकेत २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका निरीक्षणात, उपाहारगृहांत लहान मुलांसोबत जेवायला आलेल्या ५५ मोठ्या माणसांपैकी ४० जणांनी जेवणादरम्यान फोन वापरला होता, आणि काही जण तर जवळजवळ पूर्ण वेळ त्यातच होते. मुले हे रोज पाहतात. कुटुंबाने ठरवलेला जेवणाच्या वेळेचा नियम सर्वांना लागू असावा आणि काम म्हणून फोन घ्यावाच लागला, तर ‘मला कार्यालयाचा निरोप पाठवायचा आहे, दोन मिनिटांत ठेवतो’ असे मुलाला सांगावे, म्हणजे निदान फोन का हातात आहे हे त्याला कळते.

दोन्ही पालक कामावर जातात आणि मूल आजी-आजोबांकडे किंवा सांभाळणाऱ्या व्यक्तीकडे असते, अशा घरांना हे सगळे अवघड आहे, याची मला जाणीव आहे. तिथे स्क्रीनची जरुरी असते आणि ती मान्य करण्यात कमीपणा नाही. दिवसभर थकलेल्या आजीला दुपारी विश्रांती हवी, म्हणून मुलाने दोन तास ठरलेले कार्यक्रम पाहावेत, ही उघड आणि न्याय्य व्यवस्था आहे. अडचण तेव्हा होते, जेव्हा काहीच ठरलेले नसते आणि नकार देण्याचे संपूर्ण ओझे त्या आजीवर येते. नियम पालकांनी करावा, मुलाला सर्वांसमोर सांगावा आणि कागदावर लिहून लावावा, म्हणजे सांभाळणाऱ्याला भांडावे लागत नाही.

किशोरवयीन मुलांना असे कागद लावून चालत नाही. त्यांची मैत्री, गप्पा, गटातले स्थान हे सगळे फोनमध्ये असते आणि सुट्टीत वर्गमित्र भेटत नाहीत म्हणून ते अधिकच तिथे असते. त्यांच्याशी वाटाघाटी कराव्या लागतात. रात्रीचा फोन आणि झोप यांवर पालकांनी ठाम राहावे, बाकीच्या वेळेबाबत मुलांचे ऐकावे. आणि सुट्टीत मुलगा गेममध्ये रमला म्हणून त्याला ‘व्यसनी’ म्हणू नये. गेमिंगच्या विकाराला जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणात स्थान आहे, ते २०२२ पासून लागूही झाले आहे. पण त्यासाठी खेळण्यावरचा ताबा सुटणे, इतर सर्व गोष्टींपेक्षा खेळाला महत्त्व येणे आणि नुकसान दिसूनही खेळ चालूच राहणे, हे साधारणपणे किमान बारा महिने दिसावे लागते. मूल मित्रांना भेटणे, जेवणे, अंघोळ सोडून देत असेल, तर मात्र शाळा उघडण्याची वाट न पाहता बालरोगतज्ज्ञ किंवा समुपदेशक यांना भेटावे.

सुट्टीचा शेवटचा आठवडा-दीड आठवडा वेगळा धरावा. पहिल्या घंटेच्या आदल्या रात्री दहा वाजता ‘उद्यापासून लवकर’ असे म्हणून शरीराचे घड्याळ फिरत नाही. झोपण्याची आणि उठण्याची वेळ रोज पंधरा-वीस मिनिटांनी अलीकडे आणावी, दुपारची स्क्रीन त्याच प्रमाणात आखडती घ्यावी आणि सकाळचा पहिला तास फोनशिवाय जाईल असे पाहावे. मुलाला आठवड्याआधी हे समजावून सांगितले आणि घरातले मोठेही त्या वेळी झोपू लागले, तर हा बदल फारशा तक्रारीविना होतो.