पेग मोजा, चखणाही मोजा

वजन कमी करताना दारू किती चालेल यावरच्या लेखात 'आठवड्याला दोन पेग चालतील' म्हटलंय ते पटलं, पण पेग केवढा तेही सांगायला हवं होतं. आपल्याकडची ४२.८ टक्के अल्कोहोलची व्हिस्की ६० मिली घेतली तरी साधारण १४० कॅलरी होतात. घरी अंदाजाने ओतलेला माझा पेग ९० मिलीचा निघाला, औषधाच्या मापाने मोजला तेव्हा कळलं! शिवाय शरीर आधी दारू जाळतं, चरबी तोवर तशीच राहते. त्यात मूठभर खारे दाणे म्हणजे आणखी दीडशेच्या वर. आता मी आधी भाकरी-भाजी पोटभर खातो, मग साध्या सोड्यात एकच, मोजून. चार महिन्यांत पट्टा एक भोक आत आलाय. मधुमेहाच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी मात्र कृपया डॉक्टरांना विचारूनच घ्या, रिकाम्या पोटी साखर एकदम खाली जाऊ शकते.