लघवीची गोळी बंद करा, असं मी म्हटलेलं नाही

दादा, बायकांच्या अंगावरच्या 'कारण न सापडणाऱ्या' सुजेबद्दल मी लिहिलं होतं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुम्ही लिहिता: अंबाजोगाईला आई अकरा वर्षांपासून लघवीची गोळी घेतायत, तिच्यामुळेच त्यांचा पाय चपलेत मावतो, आणि मी बायकांना त्याच गोळीची भीती घालतेय. शिवाय 'दुपारी पाय उंच करून पडा' हा सल्ला ज्यांच्या घरी कामाला बाई आहे त्यांच्यासाठी.

हा दुसरा टोला बसला. परभणीजवळच्या माझ्या दवाखान्यात कापूस वेचणाऱ्या बाया येतात. वेचणीच्या दिवसांत त्यांना 'पडा' म्हणणं म्हणजे थट्टाच. घट्ट पायमोज्यांचंही तसंच. मे महिन्याच्या उन्हात ते कोण घालणार?

गोळीचं मात्र सोडत नाही. आराम पडतो, खरंय. पण गोळीनं अंगातलं मीठ-पाणी ओढून काढलं की रेनिन आणि अल्डोस्टेरॉन हे मीठ राखायला लावणारे अंगातले स्राव वाढतात, मूत्रपिंडं मीठ धरून बसतात. मग दोन दिवस गोळी चुकली की अंग भरून येतं, आणि बाई म्हणते, "बघा, गोळीबिगर माझं भागतच नाही." पुष्कळ बायकांत ही 'कारण न सापडणारी' सूज गोळीच टिकवून धरते, असं मॅकग्रेगर या डॉक्टरांनी आणि सहकाऱ्यांनी १९७९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात मांडलं. सगळ्यांनाच ते लागू नाही. कित्येकींना गोळी सुरू होण्याआधीपासून सूज असते.

म्हणून 'उद्यापासून बंद' असं मी कुठंही लिहिलेलं नाही. गोळी सोडली की पहिले दोन-तीन आठवडे सूज उलट वाढते. तेवढा काळ मीठ कमी ठेवून, डॉक्टरांच्या नजरेखाली काढावा लागतो. आईंना बीपी आहे म्हणता, तर ती गोळी बीपीसाठीही दिलेली असू शकते. मनानं तोडू नका.

आईंच्या औषधांच्या तुमच्या यादीत अ‍ॅम्लोडिपिन हे बीपीचं औषध आहे, ते तुम्ही ओझरतं लिहिलंय. या औषधानं घोटे सुजतात, आणि ती सूज लघवीच्या गोळीला फारशी दाद देत नाही. डॉक्टरांना आधी हे विचारा. हृदय, मूत्रपिंड, यकृत, थायरॉइड आणि रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन तपासल्याशिवाय 'कारण सापडत नाही' म्हणताच येत नाही. एकच पाय सुजला किंवा धाप लागली, तर वाट बघू नका, लगेच डॉक्टरांकडे जा.

आणखी एक. नवरात्रात नऊ दिवस कडक उपवास, मग एकदम भात-पुरणपोळी, की शरीर मीठ-पाणी धरून ठेवतं. तुळजापूरहून आल्यावर आईंचा चेहरा सुजला म्हणता, त्याला देवीचा कोप कशाला म्हणायचं?

आता एवढं करा. आठ दिवस एकाच काट्यावर आईंचं वजन घ्या: सकाळी लघवी झाल्यावर आणि रात्री निजताना. दिवसभरात दीड किलोच्या आसपास फरक रोज दिसला, तर ही तीच 'कारण न सापडणारी' सूज असावी, हा माझा संशय बळावेल. पोटरीत गोळे येतात का तेही विचारा; लघवीच्या बऱ्याच गोळ्यांनी रक्तातलं पोटॅशियम उतरतं. आकडे इथंच लिहा, भांडण नंतर करू.