ईम गावाच्या फॉरवर्डमध्ये गाळलेली माणसं

लॉकडाऊनपासून फिरणारा एक फॉरवर्ड परवा पुन्हा आला. इंग्लंडमधल्या ‘इयाम’ गावात १६६५ साली प्लेग शिरला, पाद्रीबाबांच्या एका शब्दावर ३५० गावकऱ्यांनी स्वतःला कोंडून घेतलं, २६० मेले, पण वेस कोणी ओलांडली नाही. ‘रिंगा रिंगा रोझेस’ही तिथलंच म्हणे.

डर्बीशरमधल्या या गावाचा उच्चार ‘ईम’. गाण्याचं चटकन संपवतो: ते छापलं गेलं १८८१ साली, आणि त्याला प्लेग चिकटवला गेला विसाव्या शतकात.

‘एका शब्दावर’ तर मुळीच नाही. लंडनहून आलेल्या कापडाच्या गाठोड्यापाशी पहिला बळी गेला सप्टेंबर १६६५ मध्ये. गावबंदी ठरली जून १६६६ मध्ये. पाद्री विल्यम मॉम्पेसन नवखा होता, गाव त्याला फारसं जुमानत नव्हतं. म्हणून त्याने थॉमस स्टॅन्लीला गाठलं. चर्चच्या नव्या नियमांपुढे मान न तुकवल्याने हा जुना पाद्री पद गमावून बसला होता, पण लोक ऐकायचे त्याचं. दोघांनी मिळून गावाला राजी केलं. फॉरवर्डमध्ये स्टॅन्ली औषधालाही नाही!

वेस कोणी ओलांडली नाही? बंदीआधीच ज्यांना परवडलं ते निघून गेले होते. मॉम्पेसननेही आपली दोन्ही मुलं बाहेर पाठवली होती. बायको कॅथरिन मात्र थांबली आणि ऑगस्ट १६६६ मध्ये प्लेगने दगावली. उरलेल्यांना जायला ठिकाण तरी कुठे होतं? शिवाय जवळच्या चॅट्सवर्थ वाड्यात राहणाऱ्या डेव्हनशरच्या अर्लने (सरदाराने) अन्न पुरवायचं कबूल केलं, म्हणून बंदी टिकली. बाहेरून आलेल्या मालाचे पैसे गावकरी हद्दीवरच्या दगडाच्या खळग्यांत, व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवायचे, हे फॉरवर्डमध्ये पुढे येणारं वर्णन बाकी खरं आहे.

आकडा? २०१६ च्या एका अभ्यासाने लोकसंख्या सुमारे ७०० धरली आणि मृत्यू २५७. म्हणजे तीन-चतुर्थांश गाव नव्हे, एक-तृतीयांशाहून थोडं जास्त. त्याच अभ्यासानुसार बहुतेक लागण माणसाकडून माणसाला झाली. त्यातही एकाच घरातल्या माणसांना धोका जास्त.

एलिझाबेथ हॅन्कॉकचं घर गावापासून जरा दूर, रायलीच्या शेतात. ऑगस्ट १६६६ मध्ये आठ दिवसांत नवरा आणि सहा मुलं गेली. तिनेच एकटीने सातही जणांना घराजवळ पुरलं. त्या थडग्यांभोवती आज दगडी कुंपण आहे.