‘तू कोण?’ म्हणे!

प्रेम आणि जादूच्या एका कादंबरीमालिकेचा दुसरा भाग, ६९२ पानं वाचली मी. अकरा दिवस, जाता-येता, एका हाताने कडी आणि दुसऱ्या हाताने हा ठोकळा धरून. आणि ६९२व्या पानावर आमचे नायक, पंखवाले साहेब, डोळे उघडतात, नायिकेकडे, म्हणजे आमच्या बाईकडे बघतात आणि विचारतात, ‘तू कोण?’

संपलं. पुढचं पान कोरं. त्याच्या पुढच्या पानावर लेखिकेने आपल्या दोन कुत्र्यांचे आभार मानलेत.

हे मी वांद्र्याला वाचलं. दादरला उतरायचं होतं, ते राहिलंच. मुंबई सेंट्रलला भानावर आले, उलटी स्लो पकडून परत आले आणि लेट मार्क खाल्ला. ऑफिसातल्या साहेबांनी कारण विचारलं. काय सांगू? एका गृहस्थाची स्मृती गेली म्हणून?

मालिकेचं नाव सांगत नाही. गरजही नाही, तुम्ही वाचताय ती हीच.

स्मृती गेली याचा राग नाही. आहे, पण तो दुय्यम. खरा राग त्याच्या आधीच्या चारशे ऐंशी पानांचा. पहिल्या भागात या माणसाने तिच्यासाठी काय नाही केलं? सिंहासन सोडलं. स्वतःचा महाल पेटवला. एक पंख मोडून घेतला. आणि शेवटी तिला म्हणाला, आता तुझ्यापासून काहीही लपवणार नाही. ते वाक्य मी पेन्सिलीने अधोरेखित केलंय, बाजूला तारीख घातलीय. पुरावा आहे माझ्याकडे.

दुसऱ्या भागात, पान २१२. कळतं काय, तर साहेबांचं उत्तरेच्या राणीशी आधीच ठरलेलं होतं. तह झाला होता, रक्ताची शपथ झाली होती, आणि पहिल्या भागात महाल पेटवला तेव्हा हे सगळं याला माहीत होतं! बाई विचारते, सांगितलं का नाहीस? हा खिडकीबाहेर बघतो. (हे सगळे खिडकीबाहेरच बघतात. यांच्या राज्यात समोरची बिल्डिंग नाही, त्यामुळे परवडतं.) म्हणतो, तुझ्या भल्यासाठी.

तुझ्या भल्यासाठी!

वय किती याचं? चारशेच्या वर. महाराजांचा जन्म १६३०चा, म्हणजे हा गृहस्थ त्याच्याही आधीचा. एवढ्या काळात तलवार शिकला, सात भाषा शिकला, सावल्यांना बोलवायला शिकला. ‘अगं, एक सांगायचं राहिलं’ एवढं बोलायला नाही शिकला. वाटेल ते झालं तरी चहा घेताना दोन मिनिटांत मिटण्यासारखी गोष्ट होती. तह आहे, असा असा आहे, त्यातून वाट काढायची आहे, तुला काय वाटतं? बाई हुशार आहे. पहिल्या भागात तिने अख्खा वेढा फोडलाय. तह वाचून दाखवला असता तर तिने कलम शोधून दिलं असतं.

मी गिरगावात चाळीत वाढले. सामायिक गॅलरी, सामायिक नळ, संडासाच्या रांगेत सकाळच्या बातम्या. आमच्या मजल्यावर कोणाचं स्थळ फिसकटलं हे त्या घरातल्या मुलीच्या आधी बाकीच्यांना माहीत असायचं. तिथे येऊन उत्तरेच्या राणीशी झालेला साखरपुडा लपवून दाखव म्हणावं. समोरच्या खोलीतल्या काकूंनी दुपारच्या आत मुहूर्तासकट, देण्याघेण्यासकट सांगितला असता. म्हणूनच असल्या कादंबऱ्या कधी चाळीत घडत नाहीत. तीन पानांत आटपतील.

मग काय, बाई रुसून निघाली. आणि पुढची तीनशे पानं साहेब नाहीतच. मी पुस्तक कशासाठी घेतलं? पंखांसाठी. ते नाहीत. बर्फ आहे. बर्फ, मग डोंगर, मग पुन्हा बर्फ, मग घोडा मरतो. मध्येच एक सोनेरी केसांचा सरदार येतो. ऐकून घेतो, सूप करून देतो, न विचारता खांद्यावर हात ठेवत नाही. असा माणूस या पुस्तकांत किती पानं जगणार हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. ५४०व्या पानावर गेला. मला आवडायला लागला होता तो. सूप करत होता हो!

आणि आता विषय निघालाच आहे तर सगळंच बोलून घेते.

‘आपण श्वास रोखून धरला होता हे तिला आत्ता कळलं.’ या भागात हे वाक्य नऊ वेळा आलंय, मोजलंय मी. श्वास रोखलाय आणि कळत नाही? सकाळी नऊला अंधेरीला फास्टमध्ये चढून बघ. श्वास कुठे रोखला, कोणाच्या कोपरामुळे रोखला आणि कुठल्या स्टेशनला सोडला, सगळं कळतं.

गुरगुरणं. नायक बोलत नाही, गुरगुरतो. आमच्या सोसायटीतला लालू कुत्राही गुरगुरतो, त्याला कोणी सिंहासन दिलेलं नाही.

नावं. नावात मध्येच तो अपॉस्ट्रॉफीचा फटकारा, आणि शेवटी उच्चारांची यादी. शेवटी! सहाशे पानं मी ज्याला ‘झायरन’ म्हणत होते तो म्हणे ‘शेरेन’. आता मी कोणाच्या प्रेमात होते मग?

आणि मागच्या भागात काय झालं ते दोन ओळींत का देत नाहीत? हरिभाऊ आपट्यांचं ‘करमणूक’ साप्ताहिक १८९०मध्ये सुरू झालं. कादंबरीची प्रकरणं त्यात आठवड्या-आठवड्याला यायची, वाचकाला सात दिवस धीर धरावा लागायचा. इथे दोन वर्षांनी उठून थेट युद्धाच्या मध्यात सोडतात आणि अपेक्षा काय, तर पहिल्या भागात एकदा दार उघडलेला पहारेकरी मला आठवावा, कारण तोच गद्दार आहे.

बरं, दोन वर्षं तरी दोन वर्षं. पण मागे वाचलेल्या एका मालिकेत वाटेत ‘अडीचवा भाग’ काढला. दीडशे पानांचा. त्यात सण साजरा करतात, एकमेकांना भेटी देतात, काही घडत नाही म्हणून मी घेतला नाही. तर तिसऱ्या भागाचा अख्खा गुंता त्यातल्या एका अंगठीवर!

आणि कुठे थांबायचं हे कोणालाच कळत नाही. २०१५ साली सुरू झालेली ती सारा जे. मासची ‘अ कोर्ट ऑफ थॉर्न्स अँड रोझेस’ मालिका आठवा. २०१७मध्ये तिसरा भाग आला, युद्ध संपलं, आम्ही रडून घेतलं, पुस्तकं कपाटात लावली. २०१८मध्ये छोटं पुस्तक. २०२१मध्ये पुन्हा जाडजूड, आता नायिकेच्या बहिणीचं. एकीचं झालं, आता दुसरीचं बघायला हवं, मग दिराच्या मित्राचं. अरे, हे राज्य आहे की वधूवर सूचक मंडळ? बरं, नको म्हणायचीही सोय नाही. ती दुसरी मालिका, रिबेका यारोसची, पाच भागांची ठरलेली, तिचा पहिला भाग ‘फोर्थ विंग’ मे २०२३मध्ये, दुसरा त्याच नोव्हेंबरात, तिसरा जानेवारी २०२५मध्ये. तो पहिल्या आठवड्यातच सत्तावीस लाखांवर खपला. सत्तावीस लाख! एवढी माणसं रांगेत उभी असताना कुठली लेखिका पंखवाल्याला वेळेवर तोंड उघडू देईल? बोलला की मालिका संपली.

ऑक्सफर्ड शब्दकोशवाल्यांनी २०२४चा ‘वर्षाचा शब्द’ निवडायच्या अंतिम यादीत ‘रोमँटसी’ (रोमान्स अधिक फँटसी, म्हणजे हीच असली पुस्तकं) घेतला होता. जिंकला ‘ब्रेन रॉट’, म्हणजे मेंदू कुजणं. मी त्या रात्री हसले होते. आता हसत नाही.

कपाटाचं तर बोलूच नका. पहिला भाग लहान आकाराचा, काळा. दुसरा एक इंच उंच, जांभळा, कारण मधल्या काळात मुखपृष्ठं बदलली. शेजारी ठेवले की वाटतं एक दुसऱ्याच्या खांद्यावरून डोकावतोय. नवऱ्याला यात काही खटकत नाही. कोणाशी लग्न करतोय हे नीट बघावं माणसाने.

(पहिला भाग मी फुटपाथवरून दोनशे रुपयांना घेतला होता. घरी येऊन बघते तर मधला एक फर्मा गायब, सोळा पानं, आणि नेमकी तीच सोळा. ज्यांनी वाचलंय त्यांना कळलं असेल कुठली. स्वस्तात मिळालेल्या गोष्टीला नावं ठेवू नयेत म्हणून तेव्हा बोलले नाही. आज बोलले.)

संध्याकाळी घरी आले ती धुमसतच. सासूबाईंची सिरीयल चालू होती. त्यांना मी रोज रात्री पोळ्या लाटता लाटता पुढची कथा सांगते, पंखवाल्याबद्दल त्यांचं मत पहिल्यापासून वाईट आहे. “आई, स्मृती गेली त्याची,” मी म्हटलं. त्यांनी टीव्हीचा आवाजसुद्धा कमी केला नाही. म्हणाल्या, “आमच्याकडे गेल्या सोमवारी गेली. काल आली परत.”

“तुमची फुकट असते, आई.”

“फुकट कसली? केबलचे पैसे देतो की आपण. तुझं केवढ्याचं?”

इथे मी पोळी उलटली.

कारण केवढ्याचं हे या घरात कोणालाच माहीत नाही. पार्सल आलं त्या दिवशी मी वॉचमनला फोन करून ते केबिनमध्येच ठेवायला सांगितलं होतं. रात्री कचरा टाकायला म्हणून खाली गेले, खोका तिथेच फाडला, पुस्तक ओढणीखाली घेऊन वर आले आणि जुन्या दिवाळी अंकांच्या मागे ठेवलं. नवऱ्याने दोन दिवसांनी विचारलं, हे नवीन का? म्हटलं, छे, ऑफिसातल्या मैत्रिणीचं आहे. का लपवलं? त्याला उगाच त्रास नको म्हणून. महिनाअखेर, त्यात शाळेची फी भरायची होती...

त्याच्याच भल्यासाठी.

पोळी करपली. सासूबाई आतून ओरडल्या, “वास कसला?” मी खिडकीबाहेर बघत होते. समोर बी विंगचा पाण्याचा पाइप आहे.

तर ठीक आहे, लपवतात माणसं. मान्य. पण मी सातशे एकोणपन्नास रुपये लपवले, राणी नाही! आणि माझ्यामुळे कोणाचा घोडा मेलेला नाही.

मी तरी हे का वाचते? १८६८ साली नारो सदाशिव रिसबुडांनी ‘मंजुघोषा’ लिहिली, तिच्या प्रस्तावनेत सांगूनच टाकलंय: आपल्या लोकांची लग्नं जशी ठरतात ती बघता आयुष्यात चटकदार असं काही घडत नाही, रोजचंच लिहिलं तर मन रमणार नाही, म्हणून अद्भुताकडे वळावं लागतं. दीडशे वर्षांनी बोरिवलीहून दादरला जाणाऱ्या बाईचं म्हणणं याहून काही वेगळं नाही. माझं लग्न कांदेपोह्यांवर ठरलं. पोहे बरे होते. महाल कोणी पेटवला नाही, आमचा वन बीएचके, पेटवला तर राहायचं कुठे? पण रिसबुडांनी जे काय केलं ते एका पुस्तकात केलं हो. मंजुघोषेचा अडीचवा भाग घ्यायला कोणी मला लावलं नाही.

आज सकाळी गाडीत बसायला मिळालं, चौथी सीट, म्हणजे अर्धी बाहेर. ठोकळा मांडीवर, कारण शेवटचं प्रकरण पुन्हा वाचून काही धागा सापडतो का ते बघत होते. (त्याच्या डोळ्यांचा रंग बदललाय. काहीतरी आहे त्यात. ते जाऊ दे.) समोर उभ्या मुलीच्या हातात पहिला भाग होता. कॉलेजची असेल, गळ्यात आयकार्ड. फुटपाथवाली प्रत, कागदावरून ओळखली. शेवटची वीसेक पानं राहिलेली. मालाड गेलं आणि तिचा चेहरा बदलायला लागला. महाल पेटला असणार. गोरेगावला पंख मोडला, तिने ओठ चावला. जोगेश्वरी मागे पडली तेव्हा तिने पुस्तक मिटून छातीशी धरलं. ‘काहीही लपवणार नाही’ आलं होतं, मला कळलं.

तिने माझ्या मांडीवरचं जांभळं बघितलं.

“ताई, दुसरा कसा आहे?”

मोठी बहीण असते तर तिला काय सांगितलं असतं, तेच सांगितलं. म्हटलं, “बाळा, तू इथेच थांब. महाल जळला, दोघं एकत्र आहेत, छान आहे सगळं. दुसरा निघालाच नाही असं समज.”

ती हसली. “मग तुम्ही परत का वाचताय?”

“डोळ्यांचा रंग बदललाय त्याच्या,” मी म्हटलं, आणि वरचं सगळं बोलून झाल्यावर तिला ६८७वं पान उघडून दाखवलं. अंधेरी आलं, मागून लोंढा आला, ती माझ्या अंगावरच आली, पण पुस्तक काही तिने सोडलं नाही.

वांद्र्यापर्यंत तिने तिथूनच पुढे वाचलं. दादरला मी उतरले तेव्हा प्लॅटफॉर्मपर्यंत तिचा आवाज आला.

“‘तू कोण?’ म्हणजे काय, ताई? ताई!”