तिला हसायला शिकवा

ग्रामीण पर्यटनाचा व्यवसाय चालवणाऱ्या बायकांसाठी तुम्हाला प्रशिक्षण शिबिर घ्यायचंय ना? घाबरू नका. काम दिसतं तितकं अवघड नाही. फक्त त्या बायकांना मध्ये येऊ द्यायचं नाही.

आधी गरजांचं सर्वेक्षण. मागच्या वर्षीची शिवणकामाची प्रश्नावली काढा आणि 'शिवणकाम' खोडून 'पर्यटन' घाला. 'आपल्याला प्रशिक्षणाची गरज वाटते का?' या प्रश्नाला दोन पर्याय पुरेत: 'हो' आणि 'खूप'. 'तुमचं नेमकं कुठे अडतं?' असा मोकळा प्रश्न चुकूनही ठेवू नका. बायका उत्तर देतात आणि मग ते वाचावं लागतं.

तारीख भर हंगामातली घ्या, शक्यतो शनिवार. रिकाम्या महिन्यात शिबिर घेतलं तर त्या खरोखरच येतील. जागा शहरातली, मुक्काम तीन दिवसांचा. मुलांना कुठे ठेवायचं, घरातल्या आजाऱ्याकडे कोण बघणार, आलेल्या पाहुण्यांना खोलीची किल्ली कोण देणार, हे त्यांचे घरगुती प्रश्न. परवाना नवऱ्याच्या नावावर असेल तर निमंत्रणही त्यालाच धाडा. तो येईल, पहिल्या रांगेत बसेल, चांगले प्रश्न विचारेल. हजेरीपटावर 'महिला' हा रकाना भरायचा कसा, ते तुम्हाला सांगायला नको.

प्रास्ताविकात एखादा आकडा हवाच. जागतिक पर्यटन संघटनेच्या २०१९ च्या अहवालानुसार पर्यटनात काम करणाऱ्यांपैकी ५४ टक्के बायका आहेत. इथे टाळ्यांसाठी थांबा. बायकांची कमाई पुरुषांपेक्षा १४.७ टक्क्यांनी कमी, हेही त्याच अहवालात आहे. ती स्लाइड जरा भरभर सरकवा. संयुक्त राष्ट्रांच्या १९७९ च्या महिलाविषयक कराराचा उल्लेख केलात तर वजन पडतं. त्याच्या कलम १४ मध्ये ग्रामीण बायकांचा प्रशिक्षणाचा हक्क मान्य केलाय. पण तेवढंच वाचा. पुढे त्याच कलमात कर्ज, बाजारपेठ आणि जमिनीच्या वाटपात समान वागणूक असलं काहीबाही आहे. घर आणि जमीन दोन्ही दुसऱ्याच्या नावावर असलेल्या बाईला 'बँकेकडून कर्ज कसं घ्यावं' हे व्याख्यान तुम्ही दुपारी ठेवलंयच. उगाच कुणी तारण कुठून आणायचं म्हणून विचारलं तर पंचाईत.

आता मुख्य विषय: आदरातिथ्य. वीस वर्षं येणाऱ्या-जाणाऱ्यांचं करणाऱ्या बाईला पाहुण्यांचं स्वागत कसं करावं, हे शिकवायला शहरातून तरुण तज्ज्ञ आणा. सगळ्यांना सरसकट 'ताई' म्हणून तो हसायला शिकवेल, मग चादर ताणायला. पाहुण्यांच्या भाषेतलं 'आपलं स्वागत आहे' तिच्याकडून घोकून घ्या. 'नाही', 'याचे वेगळे पैसे पडतील' आणि 'दहा वाजले, आता आवाज बंद' ही तीन वाक्यं मात्र अभ्यासक्रमात नकोत. तिला रोज लागतात ती हीच. शिकली तर वापरेल आणि आदरातिथ्याला गालबोट लागेल. दारू पिऊन मध्यरात्री दार ठोठावणाऱ्या पाहुण्याचं काय करायचं, हा प्रश्न आलाच तर हसून म्हणा, 'आपल्याकडे असं होत नाही.'

सगळ्यात मोठा धोका हिशेबाचा. जमाखर्चाची वही कशी आखायची इथपर्यंत ठीक. पण दर कसा ठरवायचा, याकडे गाडी वळली की संपलं. कारण मग ती मोजू लागते. खोली वर्षातून ९० रात्री भरत असेल, तर दुरुस्ती, रंगरंगोटी, विमा यांचा खर्च ३६५ ने नाही, ९० ने भागायचा. म्हणजे रात्रीमागचा बोजा चौपट. इतके दिवस आपण शेजाऱ्याचा दर बघून त्याहून थोडा कमी लावत होतो, हे तिच्या ध्यानात येतं. बुकिंगचं संकेतस्थळ समजा १५ टक्के कापतं, तर तेही नफ्यातून नाही, पूर्ण रकमेतून. शंभरात तीस सुटत असतील तर निम्मा नफा तिथेच गेला. वर ओळखीच्या पाहुण्याला सवलत म्हणून शंभरातले दहा परत. उरले पाच.

आणि त्या पाचात तिची स्वतःची मजुरी धरलेलीच नाही.

इथवर कुणाला पोचू देऊ नका. पहाटेपासून पाहुणे झोपेपर्यंतचे तास तिने कागदावर मांडले आणि त्यांना बाजारभाव लावला, तर व्यवसाय तोट्यात निघतो. मग ती दर वाढवेल नाहीतर बंद करेल. तुमच्या अहवालाला दोन्ही परवडत नाही. म्हणून हिशेबाच्या सत्राला पंधरा मिनिटं द्या आणि त्यातली दहा 'जिद्द' या विषयावर घालवा. (बायकांना पगाराऐवजी जिद्द देण्याची पद्धत जुनी आहे आणि अजून कुणी तक्रार केलेली नाही. केली असेल तर प्रश्नावलीत रकाना नव्हता.)

उरलेल्या वेळात समाजमाध्यमं. फोटो कसा काढावा हे शिकवा. आगाऊ रक्कम कशी मागावी, ऐनवेळी बुकिंग रद्द झालं तर काय, खोटा अभिप्राय लिहिणाऱ्याला उत्तर काय द्यावं, यात वेळ दवडू नका. आग लागली तर, पाहुणा बेशुद्ध पडला तर, जवळचा दवाखाना तासभर लांब असला तर, असल्या अभद्र विषयांनी वातावरण बिघडतं.

शेवटी प्रमाणपत्रं वाटून सामूहिक फोटो. नंतर कुणी कुणाला फोन करायचा नाही, सहा महिन्यांनी जाऊन बघायचं तर नाहीच.

तिसऱ्या दिवशी दुपारी दोनला एक बाई उठेल. चार वाजता पाहुणे येणार आहेत, म्हणेल. पर्स आवरता आवरता विचारेल, 'तो दर काढायचा कागद मिळेल का?' संपला म्हणून सांगा. प्रमाणपत्र देऊ नका, हजेरी अपुरी आहे. अहवालात लिहा: सहभागी महिलांना वेळेचं नियोजन जमत नाही, पुढील शिबिर त्याच विषयावर घेण्यात यावं. आणि हंगामातला पुढचा मोकळा शनिवार आजच धरून ठेवा.