मालकांकडून उत्तर: त्या मोबाईलबद्दल

नमस्कार ताई,

तुमचा रिव्ह्यू मंगळवारी रात्री वाचला. आमच्या जिममध्ये व्यायामाच्या पहिल्याच दिवशी तुम्हाला चक्कर आली, उलटी झाली, घाबरायला झालं, त्याबद्दल मनापासून माफी मागते. आमच्या हॉलमध्ये घडलं म्हणजे जबाबदारी आमचीच, त्यात वाद नाही.

पण ताई, "ट्रेनर पूर्णवेळ मोबाईलमध्ये डोकं घालून होती, नवीन माणूस मेला काय जगला काय, तिला पत्ता नाही" हे जे लिहिलंत, ते काही केल्या घशाखाली उतरत नाही. बाकीचं सगळं ऐकून घेईन. एवढ्याबद्दल मात्र सविस्तर लिहिते, कारण वाचणाऱ्यांना तो मोबाईल काय आहे ते माहीत नाही, आणि साताऱ्यात एखादी गोष्ट गोडोलीतून राजवाड्यापर्यंत पोचायला किती वेळ लागतो हे तुम्हालाही ठाऊक आहे.

तो मोबाईल कोचचा नाहीच. माझा जुना आहे. उजव्या कोपऱ्यातून काचेला तडा गेलाय, मागचं झाकण चिकटपट्टीने धरलंय, आणि आत सिमकार्डसुद्धा नाही. त्यावर ना फोन येतो ना मेसेज. त्यात एकच अ‍ॅप चालतं, टायमरचं. भिंतीवर लाल आकड्यांचं मोठं घड्याळ होतं आमच्याकडे. मे महिन्यात वळवाच्या पावसात लाईट कमी-जास्त झाली आणि ते जळालं. तेव्हापासून हा मोबाईल स्पीकरच्या फळीवर असतो, नाहीतर कोचच्या हातात.

आता ती त्यात सारखी का बघते, ते सांगते. त्या दिवशी बॅचला तीस सेकंद व्यायाम, तीस सेकंद विश्रांती असा क्रम होता. तिसाव्या सेकंदाला घंटा वाजते, ती सगळ्यांसाठी. पण नवीन माणसाला पहिले दोन आठवडे आम्ही पंधरा सेकंदच करू देतो, म्हणजे पंधरा काम आणि पंचेचाळीस विश्रांती. आणि पंधराव्या सेकंदाला घंटा वाजत नाही! तिथे कोच डावा हात वर करते. हात वर गेला की नवख्यांनी थांबायचं, बाकीच्यांनी चालू ठेवायचं. तो पंधरावा सेकंद तिला मोबाईलवरच बघावा लागतो. म्हणजे ताई, ती मोबाईलमध्ये बघत होती ते तुमच्यासाठी. त्या दिवशी बॅचमध्ये नवीन अशा तुम्ही एकट्याच होतात.

हात वर करण्याचा अर्थ तुम्हाला माहीत नव्हता, हे मान्य. तो सहा वाजून पाच मिनिटांनी, वॉर्मअप सुरू असताना सांगितला जातो. तुम्ही आलात सहा तेराला. हे मी टोमणा म्हणून लिहीत नाही, रजिस्टरमध्ये तुमच्याच हातची वेळ आहे. पाऊस होता, गाडी लावायला जागा मिळाली नसेल, खालच्या हार्डवेअरवाल्यांचा टेम्पो उभा असतो, सगळं समजू शकते. पण पहिली दहा मिनिटं आम्ही उगाच हातवारे करून घेत नाही. त्यात हृदयाचे ठोके हळूहळू चढतात, सांधे मोकळे होतात. ते चुकवून माणूस थेट पहिल्या फेरीत उतरला की थंड गाडी चढाला लावल्यासारखं होतं.

सहा पाचनंतर दार लावायचं असा नियम आमच्या भिंतीवर लिहिलेला आहे. पाळला जात नाही. खरं सांगू का, आलेल्या माणसाला दारातून परत पाठवायला जीव होत नाही. हॉलचं भाडं, खाली रबराचे मॅट टाकले त्याचा पतसंस्थेचा हप्ता, वर चौकात एसीवालं नवीन जिम झालंय. अशात तुम्ही धावतपळत जिना चढून आलात आणि कोचने तुम्हाला आत घेतलं. तिने घ्यायला नको होतं. निदान तुम्हाला बाजूला उभं करून पाच मिनिटं जागच्या जागी चालायला लावून मग सोडायला हवं होतं. ही चूक तिची नाही, माझी. कुणाला परत पाठवू नकोस असं मीच तिला सांगून ठेवलंय.

पुढे तुम्ही लिहिलंय की चक्कर आलेली असताना "बसू नका, चालत राहा" असं ती ओरडली. ओरडली, हो. गाणं मोठ्याने चालू होतं. जोरात उड्या मारून माणूस एकदम थांबला की पायात उतरलेलं रक्त वर चढायला वेळ लागतो. चालताना पोटऱ्यांचे स्नायू ते रक्त वर ढकलतात, एकदम थांबलं की ढकलणारं कुणी नाही, डोळ्यांपुढे अंधारी येते. म्हणून चालवतात. त्यात तुम्ही ओळीने तिन्ही फेऱ्या पूर्ण तीस सेकंद केल्या होत्या, शेजारच्या मैत्रिणीबरोबर. त्या गेल्या वर्षीपासून येतात, हिल मॅरेथॉन पळाल्यात, रोज अजिंक्यतारा चढतात. त्यांच्या बर्पीला (खाली वाकायचं, दोन्ही पाय मागे फेकायचे, परत उठून उडी मारायची) बर्पी देऊन कसं चालेल? तुम्हाला उडी न मारता, एकेक पाय मागे टाकून करायला सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, "मला जमतंय." आणि जमत होतं हो, पाय उत्तम होते तुमचे, मी दारातून बघत होते. तिथेच माझं चुकलं. मीही कौतुकाने बघत राहिले.

तुम्हाला उभंही राहवेना तेव्हा मात्र चालवलेलं नाही. आडवं केलं, पाय मॅटच्या गठ्ठ्यावर ठेवले, थोड्या वेळाने लिंबू-मीठ-साखरेचं पाणी दिलं. ते पाणी कोचनेच केलं, हातातला तो मोबाईल टाकून. हे रिव्ह्यूमध्ये आलं असतं तर बरं वाटलं असतं.

उलटीचं म्हणाल तर जोराच्या व्यायामात रक्त पोटाकडून स्नायूंकडे जातं, पोटातलं तसंच राहतं. फॉर्ममध्ये एक रकाना आहे, "येण्याआधी काय खाल्लं आणि किती वाजता". तो तुम्ही कोरा सोडलात. नंतर तुमच्याच तोंडून कळलं की साडेपाचला चहा आणि दोन पाव-बटर झाले होते. अर्धं केळं चाललं असतं. रकाना कोरा दिसल्यावर आम्ही विचारायला हवं होतं, तेही खरं.

दुसऱ्या दिवशी मी फोन केला त्याचं तुम्ही "फोन करून लघवीचा रंग विचारतात, हे कसलं जिम" असं लिहिलंत. वाचून नवऱ्याने माझ्याकडे असं बघितलं की काय सांगू. ताई, सवय नसताना अतोनात व्यायाम झाला तर क्वचित स्नायूंचे तंतू तुटून त्यातली द्रव्यं रक्तात उतरतात आणि मूत्रपिंडावर ताण येतो. लघवी कोऱ्या चहासारखी गडद होते. तसं असेल तर घरी थांबायचं नसतं, तडक दवाखाना गाठायचा असतो. म्हणून विचारलं. नुसत्या मांड्या भरून येणं, तिसऱ्या दिवशी जिना उतरताना कठड्याला धरावं लागणं, हे मात्र नेहमीचं. एक ते तीन दिवसांत ते जास्तीत जास्त जाणवतं, मग ओसरतं.

एक मुद्दा राहिला. नाव घालताना तुम्ही चार मिनिटांचा व्हिडिओ दाखवून "मला हेच पाहिजे" म्हणाला होतात, वीस सेकंद काम आणि दहा सेकंद विश्रांतीवाला. आणि आता लिहिता की नवख्यांना झेपेल असं इथे काही नाही. वीस-दहाचा तो प्रकार जपानच्या इझुमी ताबाता यांच्या नावाने ओळखला जातो, १९९६ साली त्यांचा अभ्यास छापून आला. तो क्रम तिथल्या स्पीड स्केटिंग संघाच्या सरावातून आलेला, आणि अभ्यासातली मुलंही तयारीची, सायकलवर बसवून पार दमेपर्यंत चालवलेली. त्यात ना उड्या होत्या ना बर्पी. आमच्याकडे तो पहिल्या दिवशी कुणालाच देत नाही. पंधरा-पंचेचाळीस लावतो ते त्यासाठीच. फेरी संपल्यावर एक अख्खं वाक्य बोलता आलं पाहिजे, नुसतं "हो-नाही" निघत असेल तर वेग कमी करायचा, एवढं एक माप नवीन माणसाने धरलं तरी पुरतं. मी स्वतः दुसऱ्या बाळंतपणानंतर छत्तिसाव्या वर्षी सुरुवात केली ती खुर्चीवरून उठण्या-बसण्यापासून. त्यामुळे "मालकिणीला नवख्यांचं काय कळणार" हे वाचून जरा लागलं. असो.

फीबद्दल. पावतीवर "परत मिळणार नाही" छापलंय, तरी तुमचे पंधराशे अडकवून मला काही मिळवायचं नाही. पुढच्या महिन्यात वळते करून घ्या, नको असतील तर येऊन बोला, काहीतरी मार्ग काढू.

बदल करतोय. भिंतीवरचं घड्याळ दुरुस्तीला दिलंय, दुकानदार येत्या आठवड्यात म्हणतोय, बघू. नवख्यांसाठी वेगळा कोपरा करायचं चाललंय, जागेचं गणित जमलं की करू. उशिरा आलेल्यांचंही काहीतरी ठरवतो.

कोचचं वय तेवीस आहे. तुमचा रिव्ह्यू तिने माझ्याआधी वाचला होता, मला सांगितलं नाही. बुधवारी सकाळी ती मोबाईल फळीवर ठेवून तोंडाने सेकंद मोजत होती, एक, दोन, तीन, आणि पंधरावर हात वर. बॅचमध्ये नवीन कुणीच नव्हतं. दोघीजणी चौकशी करून गेल्या होत्या, त्या आल्या नाहीत.

तुमची निळी बाटली काउंटरवर ठेवली आहे. पावणेसहापासून दार उघडं असतं.