तारेनं बांधलेला बूट

बायंडिंगची तार. स्लॅबच्या सळ्या बांधायला सेंट्रिंगवाले वापरतात ती. माझ्या पिकअपच्या पुढच्या एक्सलच्या सांध्यावर जो रबरी बूट, म्हणजे टोपण असतं, त्याला ती दोन वेढे देऊन, पकडीनं पीळ मारून बांधलेली होती. रविवारी सकाळी चाक उतरवून आत बॅटरी मारली तेव्हा दिसली. गेल्या वर्षीचं बिल माझ्याकडे अजून आहे. त्यात लिहिलंय, बूट दोन नग, क्लॅम्प चार नग, मजुरी वेगळी. बूट आवळायच्या चार क्लॅम्पचे पैसे घेतले आणि तार बांधून दिली. डोकं जे सणकलंय ते आज चौथ्या दिवशीही जाग्यावर आलेलं नाही.

गाडी फोर बाय फोर आहे, पण हौसेची नाही. भिलवडीच्या अलीकडे नदीकाठची काळी जमीन आमची. परतीचा पाऊस पडून गेला की रानाच्या वाटेत रुतलेलं चप्पल वर येत नाही, तिथं भरलेली गाडी मागच्या दोन चाकांवर काय निघणार? द्राक्षाची छाटणी आली की शेणखत, औषधाचे ड्रम, टोळीतली माणसं, सगळं याच गाडीवर.

आवाज पावसाळ्यात सुरू झाला. स्टेअरिंग पूर्ण मारून गाडी वळवली की डाव्या चाकातून कट-कट-कट. ज्यानं एकदा ऐकलाय त्याला सांगायला लागत नाही, बाहेरचा सीव्ही जॉइंट, म्हणजे वळतानाही चाक फिरतं ठेवणारा सांधा, गेला. तरी मी त्याच गॅरेजला गेलो, कारण बूट त्यांनीच बदलले होते. पहिल्या वेळी म्हणाले, बेअरिंग असेल, चालवा. दुसऱ्या वेळी म्हणाले, "पुरातली गाडी आहे तुमची, आतनं गंजली असणार, असंच होणार." अरे कुठल्या पुरातली? ऑगस्ट २०१९ ला सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, धोक्याची पातळी ४५ ची. आमच्या घरात पाणी होतं, धान्य गेलं, मोटारी गेल्या. पण ही गाडी मी पाणी चढायच्या आधीच विट्याला मावशीच्या दारात नेऊन लावली होती. चाकाला पाणी लागलेलं नाही तिच्या. ज्या पुरात आमचं सगळं गेलं त्या पुराचं नाव स्वतःच्या भिकार कामावर पांघरूण म्हणून घालता? मला याचा राग तारेपेक्षा जास्त आलाय.

मी फोर बाय फोर वर्षातून मोजके दिवस टाकतो, मग पुढची चाकं फिरवणारे शाफ्ट जातातच कसे, असं मलाही विचारतात. माझ्या गाडीच्या पुढच्या हबला, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाला, शाफ्टपासून चाक सोडवणारे लॉक नाहीत. चाक फिरलं की शाफ्ट फिरतो, डांबरीवरसुद्धा. त्या जॉइंटच्या आत सहा छर्रे असतात, आपापल्या खाचेत पळणारे, आणि त्यांचा सगळा जीव त्या काळ्या मॉली ग्रीसमध्ये आणि ते धरून ठेवणाऱ्या रबरी बुटात. क्लॅम्प चपटा असतो, तो बुटाला सगळीकडून सारखा दाबतो. तार गोल आणि बारीक, ती रबरात रुतते. रुतली, कापत गेली, बूट फाटला, फिरत्या शाफ्टनं ग्रीस भिरकावून दिलं. रिमच्या आतल्या बाजूला आणि खालच्या आर्मवर काळा पट्टा उमटला होता. उरलेल्या ग्रीसमध्ये आमच्या रानातला चिखल मिसळला. बोटावर घेऊन चोळलं तर वाळूसारखं करकर लागलं. त्याच्यात सहा छर्रे किती दिवस टिकणार होते?

म्हणून ठरवलं, आता कुणाच्या हातात द्यायची नाही, दारातच करायचं. चाकं जमिनीवर असतानाच हबचा नट ढिला करायला घेतला. धाकटा ब्रेकवर बसला, मी पाच फुटी पाईप लावला. नट हलला, पण प्रत्येक आट्याला कुरकुरत आला, कारण शाफ्टच्या टोकाचे आटे आधीच चेचलेले. मागच्या वेळी शाफ्ट आत सरकवायला सरळ टोकावर हातोडा मारलेला. लाकडाचा तुकडा मध्ये धरायचा, नाहीतर जुना नट टोकाला सपाट येईपर्यंत लावायचा आणि मग मारायचं, एवढं पहिल्या महिन्यात शिकणाऱ्या पोराला कळतं. चेचलेल्या आट्यावर परत मशीननं नट दाबून बसवला.

पण हे सगळं एका बाजूला. चाक खालून धरून ठेवणाऱ्या बॉल जॉइंटच्या खाचांच्या नटात कॉटर पिन असते. नट फिरून सुटू नये म्हणून. तिथं खिळा होता. दोन इंची लोखंडी खिळा, वाकवून घातलेला, गंजून निम्मा झालेला, डोकं झिजून चपटं. मी तिथंच खाली बसलो. या गाडीतून मी आईला मिरजेच्या डोळ्यांच्या दवाखान्यात नेतो. मागं टोळीच्या बायका बसतात, त्यांची लहान पोरं असतात. तो खिळा तुटला असता आणि नट सुटला असता तर चाक जाग्यावर आडवं झालं असतं, तेही उसाच्या ट्रॉल्या चाललेल्या रस्त्यावर. कॉटर पिन काय सोन्याची असते? मागितली असती तर मीच पाकीट आणून दिलं असतं!

आमचे अण्णा, माझे चुलते, किर्लोस्करवाडीला फिटर होते, आता निवृत्त आहेत. टॉर्क पाना त्यांच्याकडून आणायला गेलो तर तेच गाडीवर बसून आले. खिळा हातात घेतला, उलटासुलटा करून बघितला. "ह्ये कुणी केलं रं?" एवढंच म्हणाले. मग खाली वाकून, शाफ्ट जिथं आत शिरतो त्या डिफरन्शियलच्या तोंडाशी बघितलं. ऑईल सील बदललेलंच नव्हतं, जुन्या सीलभोवती काळं सिलिकॉन फासलेलं. अण्णा काही बोलले नाहीत, खिशातल्या रुमालानं हात पुसत राहिले. १९१० पासून किर्लोस्करवाडीच्या माळावर नांगर घडले, पंप घडले. हाताला दोऱ्याचा फरक कळणारी माणसं याच गावांतून कामाला गेली. त्यामुळे "आपल्याकडं असंच चालतं" हे मला कुणी सांगायचं नाही. आपल्याकडं असं चालत नव्हतं. हे आळसानं आणि गिऱ्हाइकाला वाकून बघता येत नाही या खात्रीनं चाललंय.

त्यात पार्टवाला. शंभर फुटी रस्त्यावर जाऊन दोन्ही शाफ्ट आणले, गाडीचं मॉडेल, साल, चेसिस नंबर सगळं सांगून. तो म्हणाला, दोन्ही बाजूला एकच बसतो. मी म्हणालो, माझ्या गाडीत डावा-उजवा लांबीला वेगळा आहे. "बसतो ओ, रोज विकतोय." घरी येऊन खोकी उघडली, दोन्ही डावे. परत अर्धा दिवस मोडून सांगलीला. तर म्हणे खोकं फोडलंय, परत घेता येत नाही, उजवा मागवून देतो, वरचे पैसे भरा. खोकं न फोडता आतला शाफ्ट बघायचा कसा? तासभर भांडलो, शेवटी चुकीचा शाफ्ट परत घ्यायला कबूल झाला. पण उजवा "दोन दिवसांत येईल". त्याला आज तीन दिवस झाले.

डावी बाजू झाली. नवं सील, नवी सर्क्लिप, नवा नट, आणि बॉल जॉइंटला कॉटर पिन, अण्णांनी स्वतःच्या हातानं दोन्ही पाय वाकवून घातली. नट मॅन्युअलमधल्या आकड्याला टॉर्क पान्यानं आवळला. स्टेअरिंग पूर्ण मारून चाक हातानं फिरवलं, आवाज नाही. उजव्या बाजूलाही तारच निघाली, तिथला शाफ्ट काढून ठेवलाय. त्यामुळे गाडी स्टँडवर आहे, खाली उतरवता येत नाही. हबचा नट नसताना चाकावर वजन आलं तर बेअरिंगही जाईल.

टोळी उद्या येतेय. छाटणी झाली की लगेच डोळे फुटायला पेस्ट लावायची, ती थांबत नाही. चुलतभावाचा ट्रॅक्टर मागितलाय, तो म्हणतोय दुपारनंतर देतो. तार, खिळा आणि चेचलेला शाफ्ट पोत्यात घालून ठेवलाय. छाटणी उरकली की बिलासकट तो त्या गॅरेजच्या टेबलावर नेऊन ओतणार आहे, गिऱ्हाइकं बसलेली असतील अशा वेळी.